नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पुढे, नर्मदेकाठच्या शाळेत जाताय? बोटीचं आधी वाचा

"बोट थेट शाळेच्या खाली लागते, उतरलं की पाच मिनिटं." आम्हाला हे ज्याने सांगितलं तो सप्टेंबरात गेला होता, आणि आम्ही गेलो २६ जानेवारीच्या कार्यक्रमाला. त्याने खोटं नाही सांगितलं, पण महिना सांगितला नाही, आणि इथे महिनाच सगळं ठरवतो.

नर्मदेवरच्या धरणाचा जलाशय, सरदार सरोवर, समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटरपर्यंत भरतो ते पावसाळ्याच्या शेवटी. तेव्हा पाणी टेकडीच्या कुशीत शाळेच्या पायथ्यापर्यंत येतं आणि बोट खरंच तिथे लागते. नंतर पाणी उतरत जातं आणि मागे गाळ सोडतं. हा गाळ वरून सुकलेला दिसतो, भेगा पडलेल्या असतात, वाटतं चालू आरामात, आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. आमच्यातल्या एकाचा बूट आतच राहिला, शेवटी हाताने उकरून काढला. पुस्तकांची खोकी डोक्यावर, पाय काढायला दुसऱ्याचा हात लागतो आणि दुसऱ्याचे पाय पण अडकलेले. अंतर म्हणाल तर काठावरून हाक मारली तर ऐकू येईल एवढंच, पण त्यात आमचा तास गेला. वरून शाळेची पोरं पळत आली, अनवाणी, आणि कडेच्या दगडांवरून वाट दाखवली. ती वाट बोटीतून दिसतच नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. डिसेंबरनंतर बोटीने जाऊच नका. डोंगरावरच्या रस्त्यापर्यंत जीपने जा आणि तिथून पायवाटेने खाली उतरा. उतार खडा आहे, मुरूम घसरतो, चालायची सवय असेल तर दीड-दोन तास, पण कोरडं आहे आणि फुकट आहे. बोटवाल्याने आमच्याकडून 'स्पेशल' म्हणून ३००० घेतले. परत येताना गावातल्या लोकांसोबत तशाच बोटीत बसलो तर माणशी ५०. जीपचं तेच, धडगावहून जाताना आमचे माणशी २००, शेजारच्या दादाचे ६०, तेही आमच्या डोळ्यादेखत. बसायच्या आधी भाडं ठरवा, आणि शक्यतो बाजाराच्या दिवशी जा, तेव्हा गाड्या जास्त असतात आणि सगळ्यांसमोर कोणी जादा मागत नाही.

धडगावपर्यंत शहाद्याहून म्हसावदमार्गे एसटीने या. तळोद्याकडून चांदशैली घाट जवळचा वाटतो पण पावसाळ्यात दरडी पडतात, तेव्हा तो विसरा.

आता शाळा. बुडीतात गेलेल्या गावांमधली वस्ती वर टेकड्यांवर सरकली, एकेक पाडा लांब लांब. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे. नकाशावर १ किलोमीटर असेलही, पण मध्ये दरी आहे आणि दरीत पाणी आहे. म्हणून इथे निवासी शाळाच चालते. १९९०च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनाने नर्मदेच्या काठावर जीवनशाळा सुरू केल्या, 'लढाई पढाई साथ साथ' म्हणत, त्यामागे हेच होतं की सरकारी शाळा कागदावर होती आणि गुरुजी गावात येत नव्हते. आम्ही गेलो त्या शाळेचे सर त्याच भागातले, पावरी म्हणजे इथल्या पावरा आदिवासींची भाषा बोलणारे, आणि त्याने जो फरक पडतो तो बघायला तरी जा. पहिलीची पोरं पाहुण्यांसमोर गप्प बसत नाहीत. सर पावरीत विचारतात, पोरं ओरडून उत्तर देतात, मग तेच मराठीत फळ्यावर येतं.

सगळ्यात भारी गोष्ट भिंतीवर होती. दर शनिवारी चौथीची पोरं काठावर जातात, पाणी जिथे असेल तिथल्या दगडावर चुन्याची रेघ मारतात, मागच्या रेघेपासूनचं अंतर काठीने मोजतात आणि भिंतीवरच्या तक्त्यात भरतात. दिवाळीपासून रेघ खाली खाली येत गेलेली, तारखांसकट. एका मुलीने बोट ठेवून दाखवलं, "इथून खाली गेलं की गाळ लागतो." मोजमाप, बेरीज-वजाबाकी, आलेख, सगळं त्यात आलं आणि गावाला त्याचा उपयोग पण होतो. मी शहरातल्या चांगल्या फीवाल्या शाळा पाहिल्यात, असं काही पाहिलं नाही. फार बरं वाटलं, पायाला चिखल सुकून ताणत होता तरी.

हजेरीचा तक्ता मात्र बघवत नाही. दिवाळीनंतर कुटुंबं गुजरातला ऊसतोडीला जातात आणि लहान भावंडं सांभाळायला मोठ्या पोरींना सोबत नेतात. सर पाड्यावर जाऊन आईबापाला समजावतात, काही ठेवतात, काही नेतात. त्यामुळे सगळी शाळा भरलेली बघायची असेल तर दिवाळीच्या आधी जा. तेव्हा रस्त्याचे हाल असतात पण पाणी वर असतं, म्हणजे बोट चालते. जानेवारीत रस्ता बरा, पोरं कमी. दोन्ही एकदम मिळत नाही, ठरवून जा.

सामान काय न्यायचं? जुने कपडे नेऊ नका, एका खोलीत गाठोडी पडून होती. बिस्किटांचे पुडे वाटत फोटो काढू नका, सरांनी हे आम्हाला नम्रपणे पण अगदी स्पष्ट सांगितलं. त्यांना पाहिजे ते: मोठ्या अक्षराची चित्रांची पुस्तकं, फुटबॉल आणि पंप, टॉर्च, आणि सोलरची बॅटरी बदलायला पैसे, पावती घेऊन. पुस्तकं प्लास्टिकच्या ड्रममध्ये न्या, पुठ्ठ्याची खोकी ओली होऊन फाटतात.

जेवण शाळेतच, ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ, पैसे देऊन या. येताना तोरणमाळला थांबलो, यशवंत तलाव वगैरे छान आहे, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

शेवटचं, परतीची जीप दुपारी तीनच्या आत पकडा. ती गेली की वरच्या पाड्यावर मुक्काम करावा लागतो, आणि घोंगडी तुमची तुम्हीच न्यायची, जानेवारीत रात्री हाडं गोठतात.