जुन्या शंभर सीसीला ऑइल कमी पडू देऊ नका

सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन या जुन्या गाड्या कोल्हापूर भागात अजून रोज राबतात. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, वर गगनबावड्याचा घाट. ही इंजिनं वयानं क्वचित बसतात, बहुतेक वेळा ऑइल कमी पडून बसतात. आत ऑइल असतं जेमतेम पाऊण-एक लिटर, आणि त्यावरच पिस्टन, गिअर, क्लच सगळं चालतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की खाली थेंबही न गळता ते जळून जातं. मग वर हेडमध्ये ऑइल नीट पोचत नाही, तिथले व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर घासतात, टकटक सुरू होते.

म्हणून दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघा. गाडी सेंटर स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, परत तेवढंच थांबायचं. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवली तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

बदलताना इंजिन कोमट हवं, म्हणजे गाळ ऑइलबरोबर खाली येतो. ड्रेन बोल्टला १७ नंबरचा पाना लागतो. वायसर नवा टाका आणि बोल्ट बेतानं आवळा, कारण केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. आटे गेले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दुरुस्त होतात, पण त्या खर्चात दोन-तीनदा ऑइल आलं असतं. स्प्लेंडरला नुसतं ऑइल बदलताना साधारण ८०० मिली पुरतं. बाटली ९०० मिलीची असली म्हणून सगळी ओतू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरमध्ये जातं.

ग्रेड १०डब्ल्यू३० आणि डब्यावर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक) लिहिलेलं बघा. कारच्या ऑइलनं क्लच स्लिप होऊ शकतो. जुन्या गाडीला महागड्या सिंथेटिकपेक्षा साधं ऑइल दर दोन-अडीच हजार किलोमीटरला बदललेलं चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे सेंट्रिफ्युगल फिल्टर. या गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर नसतो. क्रँकच्या टोकाला एक वाटी फिरते, ऑइलमधला धातूचा कीस आणि काजळी तिच्या कडेला फेकली जाते आणि तिथेच घट्ट काळा थर धरते. ऑइल कितीही वेळा बदला, हा थर आतच राहतो. दहा-बारा हजार किलोमीटरला उजवं कव्हर खोलून तो खरवडून काढायला सांगा. फडक्यानं पुसायचं, हवेचा प्रेशर मारायचा नाही, नाहीतर तोच गाळ क्रँकच्या भोकात जातो. खालची ऑइल गाळणारी जाळी रॉकेलनं धुवायची, कव्हरचं पॅकिंग नवं टाकायचं. मिस्त्री हे आपणहून करत नाहीत, वेळ लागतो. मजुरी वेगळी देऊन करून घ्या.

पंचगंगेच्या पुरात गाडी बुडाली असेल तर किक मारू नका. आधी ऑइल काढा. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, नवं ऑइल भरा, थोडा वेळ चालवून तेही फेका आणि पुन्हा भरा.

निळा धूर फक्त सकाळी चालू करताना येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत, काम स्वस्तात होतं. रेस केल्यावर सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलीय. मग बोअर मापून घ्या, आणि काम होईपर्यंत डिकीत ऑइलची बाटली ठेवा.