मंडपामागची सतरंजी

सांगलीत गावभागातल्या आमच्या मंडळाच्या मंडपात पुढं समया, फुलं, सत्यनारायण; आणि मागं पडद्याआड एक सतरंजी, तिच्यावर पहाटेपर्यंत तीन पानी. घरी सांगायचं, मूर्तीची राखण करतोय. राखण व्हायचीही, खोटं कशाला बोला! पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनाला सगळी आळी सरकारी घाटावर पळायची, तेव्हा मंडपात थांबायचे ते हे पत्तेवालेच. कुणी टोकलं की उत्तर तयार: "आपला चोर गणपतीबी चतुर्थीच्या आधीच गपचूप येऊन बसतोय. मग आमी गपचूप खेळलो तर काय झालं?"

आमचे खजिनदार मात्र सोवळ्यातले. आरतीला पहिले, वर्गणीला दारात हजर, अकरा रुपयांचीही पावती फाडणारे. महाप्रसादानंतर हिशेब वाचताना 'किरकोळ खर्च' आला की त्यांचा आवाज हमखास बसायचा, आणि मागून पत्तेवाले एकसाथ खोकायचे. याच गृहस्थांनी आळीतल्या एका विधवेच्या पोराची कॉलेजची फी गुपचूप भरली होती. स्वतःच्या खिशातून की त्या किरकोळातून, हे कुणी विचारलं नाही. मला तर अजून वाटतं, न विचारलं तेच बरं झालं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागात घराघरांत पाणी. तेव्हा सतरंजीवरचा सगळ्यात बेवडा गडी रिकामी बॅरलं दोरखंडानं बांधून, वर दार टाकून निघाला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना एकेक करून बाहेर काढत राहिला. पाणी ओसरल्यावर मदतीच्या चादरींचे जादा गठ्ठेही त्याच्याच माळ्यावर निघाले. वाटपाला आलेल्या पोरांनी ते खाली उतरवले. त्यानंही निमूट हात लावला.

त्या वर्षी २ सप्टेंबरला गणपती बसले, पण हातभर मूर्ती आणि एकच समई. वर्गणी मागायला तोंड कुणाला होतं? तरी त्याचा सत्कार करायचा का, यावर बैठक तापली. चादरींचा विषय निघाला, दारूचा निघाला. खजिनदारच म्हणाले, "माझी आई त्याच्या बॅरलावर बसून आलीय. शाल माझ्याकडून."

त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, "शाल द्या की, पण माज्या हातात द्या. त्येच्या हातात दिली तर उद्या गुत्त्यावर गहाण पडंल."

शाल तिलाच दिली. फोटो मात्र त्याचा काढला.