वजन नीट, पोट मात्र बिघडलेलं
आज लेकीला घेऊन डॉक्टरांकडे बराच वेळ बसले होते. तिचं पोट सारखं बिघडतं. शी पातळ, त्यात गाजराचे तुकडे जसेच्या तसे, आणि पोरगी मात्र मजेत खेळतेय! डॉक्टरांनी आधी वजनाचा तक्ता पाहिला. वजन नीट वाढतंय म्हटल्यावर माझाही जीव जरा भांड्यात पडला.

1 ते 5 वर्षांच्या मुलांमध्ये असं बऱ्याचदा होतं. अन्न आतड्यातून भरभर पुढे सरकतं. त्यात फळांचा रस जास्त झाला की न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. सफरचंदाच्या रसात सॉर्बिटॉल नावाची सहज न पचणारी साखर असते, त्यामुळे त्याचा त्रास जास्त. म्हणून रस बंद, अख्खं फळ चालू, आणि जेवणातले स्निग्ध पदार्थ उगाच तोडायचे नाहीत. हे मला फार पटलं.

बाकी शक्यताही आहेतच: जुलाबाच्या आजारानंतर काही काळ दूध न पचणं, अँटिबायोटिकचा परिणाम, जिआर्डियासारखा जंतू, ग्लुटेनमुळे (गव्हातल्या प्रथिनामुळे) होणारा सीलिॲक आजार. आणि चक्क बद्धकोष्ठता! कडक शी आत अडून बसते, तिच्या कडेने पातळ शी झिरपते, चड्डी डागाळते आणि घरच्यांना वाटतं जुलाब झालेत.

शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, घटणारं वजन, कमी झालेली लघवी किंवा मूल मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर कृपया वाट पाहू नका, लगेच दाखवा. मला सध्या तिचं खाणं-पिणं आणि शी तारखेनिशी वहीत लिहायला सांगितलंय.