मूटमध्ये शिरायचं तर आधी रिसर्चरची खुर्ची

शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलं मूट कोर्टाच्या, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव-न्यायालयाच्या, पहिल्या फेरीत बहुधा अडखळतात. पाठ केलेलं भाषण जोरात सुरू होतं, तिसऱ्या वाक्याला न्यायाधीश विचारतात, "काउन्सेल, हे प्रॉब्लेमच्या कुठल्या परिच्छेदात आहे?" आणि तिथेच सगळं कोलमडतं. गोव्यातल्या मराठी शाळांतून आलेल्या आपल्या मुलांना टाळ्या घेणारं बोलण्याची सवय असते, मूटमध्ये मात्र गुण मिळतात ते बोलणं मध्येच तोडून उत्तर देण्याचे. म्हणून "मला स्टेजची भीती वाटते, मूट नको" असं म्हणणाऱ्या ज्युनिअरला मी मुद्दाम थांबवून घेतो. त्याच्या कामाची जागा संघात असते.

तसं पाहिलं तर मूट कुणालाच चुकत नाही. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत वर्षाला तीन मूट, प्रत्येकी 10 गुण, त्यातले 5 लेखी आणि 5 तोंडी, अशी विभागणी आहे. बहुतेक जण ते एक पेपर म्हणून उरकतात. स्पर्धेचं मूट वेगळं: कल्पित खटला (त्याचा कागद म्हणजे 'प्रॉब्लेम'), दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद (मेमोरियल), आणि आज अपेलंट म्हणजे अपील करणारा म्हणून उभं राहिलात तर पुढच्या फेरीत त्याच खटल्यात रिस्पाँडंट, म्हणजे समोरची बाजू. बाहेरच्या स्पर्धा साधारणपणे एका कॉलेजचा एकच संघ घेतात. त्यामुळे मिरामारचं साळगावकर लॉ कॉलेज असो की मडगावचं कारे, पहिली खरी लढत कॉलेजातल्या निवड फेरीचीच. तिची नोटीस लागते आणि दोन-चार दिवसांत मुदत संपते, तेव्हा मूट सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्या वर्षापासून असा. निवडीत मागे पडलात तरी सिनिअर संघाला फूटनोट तपासायला माणूस हवाच असतो. मागा ते काम.

संघ बहुधा तिघांचा: कोर्टापुढे बोलणारे दोन स्पीकर, आणि निवाडे-संदर्भ शोधणारा एक रिसर्चर. रिसर्चर म्हणजे दुय्यम भूमिका हा गैरसमज आहे. अनेक स्पर्धांत रिसर्चरची वेगळी लेखी परीक्षा असते, बक्षीसही वेगळं असतं. शिवाय एक स्पर्धा रिसर्चर म्हणून केलेला माणूस पुढच्या वर्षी स्पीकर झाला की प्रश्नांना डगमगत नाही, कारण फाईल त्याच्या डोक्यात असते.

पहिली स्पर्धा संविधानाची किंवा फौजदारी कायद्याची निवडा. जेसप या आंतरराष्ट्रीय मूट स्पर्धेचं नाव सगळ्यांना खुणावतं. 1960 पासून चाललेली, आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोरचा कल्पित वाद, प्रत्येक बाजूला 45 मिनिटं. पण आंतरराष्ट्रीय कायदा शिकायच्या आधी तिच्या मागे लागलात तर सहा महिने नुसतं चाचपडणं होतं. युक्तिवादापेक्षा वाटाघाटीत रस असेल तर साळगावकर कॉलेजचीच लेक्स इन्फिनिटम आहे, मध्यस्थी आणि अशील-सल्ल्याची. तो वेगळा रस्ता, पण कमी प्रतीचा नव्हे.

प्रॉब्लेम हातात आला की लगेच निवाडे शोधायला बसू नका. आधी तो पाच-सहा वेळा वाचा, तारखांचा तक्ता करा, आणि प्रत्येक परिच्छेदासमोर लिहा की हा कुणाच्या बाजूचा. प्रॉब्लेम लिहिणारा एकही वाक्य उगाच घालत नाही. नोटीस कधी दिली, अपील किती दिवसांनी केलं, कायदा अमलात कधी आला, यातच एखादा इश्यू दडलेला असतो. जे दिलंच नाही ते स्वतः रचायचं नाही. शंका असेल तर क्लॅरिफिकेशनच्या मुदतीत विचारायची. कल्पित देशाचे कायदे भारताशी समान आहेत असं वाक्य बहुधा शेवटी असतं, ते आहे की नाही हेही पाहून ठेवा.

मेमोरियलचा साचा ठरलेला: मुखपृष्ठ, अनुक्रम, इंडेक्स ऑफ अथॉरिटीज (आधारांची सूची), ज्युरिसडिक्शन (न्यायालयाचा अधिकार), फॅक्ट्स, इश्यूज, समरी, आर्ग्युमेंट्स आणि प्रेयर (कोर्टाकडची मागणी). टाइम्स न्यू रोमन 12, ओळींत दीड अंतर, फूटनोट 10, असे आकडे बहुतेक नियमावल्यांत सापडतील, पण दरवेळी त्या स्पर्धेची नियमावलीच प्रमाण. निळं मुखपृष्ठ अपेलंटचं, लाल रिस्पाँडंटचं, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. पेनल्टी इथेच कापली जाते आणि ती कायद्याच्या ज्ञानाने भरून येत नाही. सगळ्यात महागात पडते ती ओळख उघड होण्याची चूक. मुखपृष्ठावर फक्त टीम कोड हे सगळे पाळतात, पण पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये लॅपटॉपवाल्याचं नाव 'ऑथर' म्हणून राहतं, किंवा फाईलच्या नावात कॉलेजचं नाव असतं. पाठवण्याआधी ते पुसा. इंडेक्समधले पान क्रमांक सगळ्यात शेवटी भरा, नाहीतर एक परिच्छेद वाढला की सगळे आकडे सरकतात.

ज्युरिसडिक्शनचं पान एकाच परिच्छेदाचं असतं, तरी न्यायाधीश पहिला प्रश्न तिथेच विचारतात. संविधानाचा अनुच्छेद 32 की 226, 136 की 133, हे प्रॉब्लेममधल्या न्यायालयाशी आणि तिथवर आलेल्या प्रवासाशी जुळलं पाहिजे. अपील घटनापीठापुढे असताना रिट याचिकेची भाषा वापरलेली मेमोरियल दरवर्षी येतात.

आता निवाड्यांचं. खासगीपणाच्या अधिकारावर मूट असलं की सगळे पुट्टास्वामी निवाडा घेतात, (2017) 10 एससीसी 1 (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा निवाडासंग्रह). नऊ न्यायाधीश, निकाल एकमताचा, पण मतं सहा. त्यातलं न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेलं मत चौघांचं आहे, आणि नवांत चार म्हणजे बहुमत नव्हे. ते मत उद्धृत करून "कोर्टाने असं म्हटलं" असं कुणी बोललं की जाणकार न्यायाधीश तिथेच पकडतात. असं कुठलंही अवतरण घेताना चार गोष्टी सोबत लिहून ठेवा: पीठ किती जणांचं, वाक्य कुणाचं, ते निकालाचा आधार आहे की ओघात आलेलं, आणि निवाडा अजून जिवंत आहे की नाही. जुन्या खरक सिंग निवाड्याचा जो भाग खासगीपणाचा हक्क नाकारतो तो 2017 मध्ये मोडीत निघाला, पण जुन्या नोट्समधून उचललेल्या मेमोरियलमध्ये तो अजूनही ताठ मानेने उभा दिसतो.

निवाडा इंडियन कानून या संकेतस्थळावर वाचा, हरकत नाही, पण तिथले परिच्छेद क्रमांक एससीसीशी जुळतीलच असं नाही. परिच्छेदाचा आकडा ज्या रिपोर्टरचं (निवाडासंग्रहाचं) सायटेशन देताय त्यातूनच घ्या. 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, म्हणजे त्याच्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह, फुकट आहे, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात मनुपात्रा किंवा एससीसी ऑनलाइन या निवाड्यांच्या डेटाबेसचं लॉगिन मिळतं का ते विचारा. एआयने सुचवलेला निवाडा मूळ पान उघडल्याशिवाय घालू नका. असे निवाडे अस्तित्वातच नसतात असं कैकदा निघतं.

गोव्याच्या मुलांकडे एक शिदोरी आहे जी बाहेरचे संघ वापरू शकत नाहीत. समान नागरी कायद्यावर प्रॉब्लेम आला की बाकीचे त्याविषयीच्या संविधानातल्या अनुच्छेद 44 वर थांबतात. आपण 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा, 2012 चा गोवा वारसा कायदा आणि 2019 चा जोझे पावलो कुतिन्यो निवाडा मांडू शकतो: गोमंतकीयाची मिळकत गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने. पर्यावरणाच्या मूटला गोवा फाउंडेशनचे 2014 आणि 2018 चे खाणींवरचे निवाडे आहेत. दुसऱ्या निवाड्याने 88 लीजचं नूतनीकरण रद्द झालं. हे सगळं घरचं असल्याने त्यावरच्या प्रश्नांना उत्तर सहज येतं.

तोंडी फेरीची तयारी न्यायालयात बसून होते. पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा खंडपीठ आहे, खुल्या कोर्टात मागे बसून ऐकता येतं. 27 सप्टेंबर 2022 पासून सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठाच्या सुनावण्या थेट दिसतात, त्या पाहताना वकिलापेक्षा न्यायाधीशांच्या प्रश्नांकडे लक्ष द्या. सराव फेरीत स्पीकरला भाषण करू देऊ नका, दर अर्ध्या मिनिटाला प्रश्न टाका. उत्तर आधी 'हो' किंवा 'नाही', मग कारण, मग कंपेंडियम म्हणजे जोडलेल्या निवाड्यांच्या संचातलं पान: "कंपेंडियम पान 42". कंपेंडियमला रंगीत टॅब लावलेले असले की ते पान पाच सेकंदांत उघडतं. 'आय थिंक' नको, 'इट इज सबमिटेड' हवं. आणि 'माय लॉर्डशिप' असं संबोधन नसतंच: 'माय लॉर्ड' किंवा 'युवर लॉर्डशिप'. बार कौन्सिलने 2006 मध्ये 'युवर ऑनर' सुचवलं, तरी मूटमध्ये जुनंच चालतं. रिसर्चरने टेबलावर कुजबुजायचं नाही, चिठ्ठी सरकवायची. दुसऱ्या संघांच्या फेऱ्या पाहायला जाऊ नका, ते स्काउटिंग ठरतं आणि संघ बाद होतो.

वेळापत्रकात चवथ (गणेशचतुर्थी) आधीच वजा करा. मेमोरियलची मुदत नेमकी तेव्हा येते आणि संघातला एक गावी सत्तरी तालुक्यात, एक काणकोणला असतो. पावसात वीज गेली की नेटही जातं. रात्री 11.59 ची मुदत असेल तर संध्याकाळी सहालाच फाईल पाठवून मोकळे व्हा. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत परीक्षेला बसायला 70 टक्के हजेरीची अट आहे, म्हणून प्रवासाआधी प्राचार्यांकडून ड्युटी लीवचं पत्र लेखी घ्या. परतल्यावर दिलेली संमती कुणाला आठवत नाही.

फेरी संपली की गुणपत्रिका मागा. मेमोरियल आणि तोंडी गुण वेगळे लिहिलेले असतात, आणि पुढच्या स्पर्धेला आधी काय दुरुस्त करायचं ते त्या दोन रकान्यांतल्या फरकावरून कळतं.