मारुतीच्या कुठपर्यंत?

माझ्या ऑफिसच्या खुर्चीचं एक चाक जूनच्या पहिल्या आठवड्यात निखळलं. पाचातलं एक गेलं म्हणून खुर्ची काही पडत नाही. पण डावीकडे हात लांबवला की ती हळूच त्या अंगाला कलते आणि आपण टेबल धरतो. मी पाण्याची बाटली उजवीकडे ठेवायला लागलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं.

कारखाना नाशिकला, सातपूरच्या एमआयडीसीत. स्टोअरच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "चाक ना? आहे की." त्यांनी ड्रॉवर उघडला. मोडीत निघालेल्या खुर्च्यांची चार-पाच चाकं आत लोळत होती. मी हात पुढे केला, त्यांनी ड्रॉवर लावून घेतला. "इंडेंट आणा आधी." म्हणजे मागणीपत्र.

इंडेंट आता सिस्टीममध्ये भरायचं असतं. तिथे 'खुर्ची' होती, 'चाक' नव्हतं. खुर्ची मागावी तर तीन कोटेशनं आणि प्लांट हेडची सही. चाक मागावं तर आधी चाकाचा आयटम कोड उघडायला हवा आणि तो अधिकार पुण्याच्या ऑफिसला. पुण्याहून मेल आली, खुर्चीचा फोटो जोडा. जोडला. मग आली, असेट नंबर दिसेल असा फोटो जोडा. असेट नंबरचं स्टिकर असतं सीटच्या पोटाला. खुर्ची उलटी करून, दोन गुडघ्यांत धरून, मोबाइल तिरका करून मी फोटो काढत होतो आणि नेमकं त्याच वेळी ५-एसचं ऑडिट दारात आलं.

५-एस हे जपानी प्रकरण. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, स्वच्छ करा, त्याची पद्धत पाडा आणि ती मोडू नका. माझ्या आजीचं फडताळ याच तत्त्वावर चालायचं. फरक इतकाच, की ती दर पंधरा दिवसांनी फडताळाला गुण द्यायची नाही. आमच्याकडे टेबलावर पिवळ्या पट्टीचा चौकोन आखून त्यात 'स्टेपलर' असं लिहिलंय. त्यामुळे स्टेपलर कुठे आहे ते कुणालाच माहीत नसतं, पण तो कुठे नाही हे लांबूनसुद्धा स्वच्छ दिसतं. ऑडिटवाल्यांनी माझ्या उलट्या खुर्चीकडे पाहिलं, 'वस्तू योग्य स्थितीत नाही' असं लिहिलं आणि दोन गुण कापले.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे असं समजून कुणी वाईट वाटून घेऊ नये. १९५५ साली पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी त्यांच्या आरमाराचे आकडे मांडले होते. १९१४ मध्ये मोठ्या युद्धनौका होत्या ६२, त्या १९२८ पर्यंत २० वर आल्या. त्याच काळात आरमाराच्या मुख्य कचेरीतले अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजं कमी आणि जहाजांवर लक्ष ठेवणारे जास्त. आमच्या खात्यात मशिनवर उभी राहणारी माणसं आणि त्यांनी काय केलं याचा एमआयएस रिपोर्ट भरणारी माणसं यांची मोजदाद मी एकदा जेवणाच्या सुट्टीत केली होती. आकडा सांगत नाही, अप्रेझल व्हायचंय.

शेवटी एका शनिवारी रविवार कारंज्याला गेलो आणि स्वतःच्या पैशाने चाक घेऊन आलो. दुकानदाराने ना फोटो मागितला ना नंबर. चाक हातात घेऊन खुंटी बघितली, तसंच दुसरं काढून दिलं. सोमवारी गेटवर सिक्युरिटीने पिशवी उघडली. "साहेब, हे कुठल्या पर्चेस ऑर्डरवर आलंय?" मी म्हटलं, माझं आहे. "मग आत नेऊ नका. उद्या बाहेर काढाल तेव्हा कंपनीचं ठरेल." त्याचंही बरोबरच होतं म्हणा. चाक स्कूटरच्या डिकीत गेलं. अजून तिथेच आहे.

माझी खुर्ची तोवर रिव्ह्यू मीटिंगच्या यादीत 'ओपन पॉइंट' झाली होती. ही मीटिंग सोमवारी असते आणि तिच्या तयारीची मीटिंग शनिवारी. ऑगस्टमधल्या त्या सोमवारी बाहेर धो धो पाऊस आणि आत चर्चा, की यादीत खुर्चीचा रंग लाल, म्हणजे 'अडलेलं', ठेवायचा की पिवळा, म्हणजे 'चालू', करायचा. कोड उघडला नाही, पण मेल तर गेली, म्हणजे पिवळा. पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गंगा, म्हणजे आमची गोदावरी, चढतेय. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदमच विचारलं, "मारुतीच्या कुठपर्यंत?"

"कमरेच्या वर. छातीला लागतंय."

झालं. लॅपटॉप मिटले, पिशव्या उचलल्या गेल्या. कुणाला पंचवटीत जायचं होतं, कुणाच्या भावाचं दुकान सराफ बाजारात. समोरच्या स्क्रीनवर पुण्याचे साहेब होते. त्यांनी विचारलं, "हे मारुती कोण? रिपोर्ट कुणाला करतात?"

त्यांना काय सांगणार? रामकुंडापाशी नदीतच उभा असलेला आमचा दुतोंड्या मारुती. विसर्ग किती हजार क्युसेक ते पेपरात येतंच, पण नाशिककराला तो आकडा कळत नाही. गुडघे, कंबर, छाती, गळा हे कळतं. कुठल्या मापाला कुठली दुकानं रिकामी करायची हे गंगेवरच्या लोकांना कुणी सर्क्युलर काढून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टीममध्ये लाल खूण. लवकर गेल्याचं कारण भरा. पर्याय तीन: आजारपण, कौटुंबिक, इतर. 'इतर'ला किमान पन्नास अक्षरं लागतात. मी लिहिलं, 'गंगेला पूर आल्यामुळे दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढले होते, म्हणून लवकर निघालो.'

संध्याकाळी पुण्याहून उत्तर आलं, फोटो जोडा. घरच्या ग्रुपवर आलेला एक होता, तो जोडला. आता असेट नंबर कधी मागतात याची वाट बघतोय, चार चाकांवर.