पीएचडीची मुलाखत आणि ते न येणारं वेळापत्रक

अमेरिकेत बायोमेडिकल पीएचडीसाठी निवडक उमेदवारांना साधारण जानेवारी ते मार्चदरम्यान प्रत्यक्ष भेटीला बोलावतात. केमिस्ट्री-फिजिक्सवाल्यांना बहुधा आधी प्रवेश मिळतो आणि मग बोलावणं येतं, म्हणजे तिथे छाप पाडायची ती विभागाने. आमच्याकडे भेट हीच परीक्षा.

अर्ज, शिफारसपत्रं, तिकीट, हॉटेल, सगळं सुरळीत झालं. अडलं ते एका विभागाच्या ऑफिसात. कोणते प्राध्यापक मुलाखत घेणार याचं वेळापत्रक काही केल्या येईना. विचारलं की ‘फायनल झालं की कळवू’. मी फॉर्ममध्ये दिलेल्या पसंतीच्या प्राध्यापकांचे रिसर्च पेपर वाचत बसले. प्रत्येकाची अर्ध्या तासाची मुलाखत, त्यामुळे तयारी नेमकी हवी ना! शेवटी आदल्या रात्री, मी हॉटेलात पोहोचल्यावर, मेल आली. माझ्या यादीतली दोन नावं गायब. त्यातल्या एकाच्या जागी कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्सचे, म्हणजे मेंदूचा गणित-संगणकाने अभ्यास करणारे प्राध्यापक, आणि मी यीस्टवर प्रयोग करणारी! इतकी चिडले की त्यांचा एकही पेपर उघडला नाही. वेबसाइटवरचा परिच्छेद वाचला आणि झोपले.

सकाळी त्यांनी स्वतःच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. माझा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे यीस्ट कसं वाढत जातं त्याचा आलेख, मी कागदावर काढून दाखवला, तर म्हणाले, “प्रयोग तीनदा केलास म्हणजे तीन वेगळ्या कॉलनी घेतल्यास, की एकच कल्चर प्लेटच्या तीन खळग्यांत वाटलंस?” म्हणजे यीस्टचे तीन स्वतंत्र पुंजके, की एकाच वाढवलेल्या यीस्टची तीनदा मोजणी? वेगळ्या कॉलनी, वेगवेगळ्या दिवशी, हे मी ठासून सांगितलं. मग, “निकाल उलटा आला असता तर पुढे काय केलं असतंस?” यावर आम्ही वेळ संपेपर्यंत बोलत होतो. दिवसभरातली तीच माझी सगळ्यात चांगली मुलाखत. त्यामुळे समोरच्याचे दहा पेपर पाठ करण्यापेक्षा आपलं काम विषयाबाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत सांगता येतं का, ते आधी बघा. प्रोजेक्टमध्ये आपण स्वतः काय केलं आणि लॅबने काय, हेही वेगळं सांगता यायला हवं. तरीही वेळापत्रकाचा राग गेलेला नाही.

हो, संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबर जेवण असतं. तिथे सैलावू नका. बऱ्याच ठिकाणी त्यांचंही मत विचारतात. एक उमेदवार तिथे दुसऱ्या विद्यापीठाची टिंगल करत होता, टेबलावरचे चेहरे बघण्यासारखे होते. पण स्टायपेंडमध्ये भागतं का, गाइड सुट्टी देतात का, पीएचडीला खरी किती वर्षं लागतात, हे विचारायची जागा तीच. प्राध्यापकांना त्याऐवजी नव्या विद्यार्थ्याला ते पहिल्या वर्षी काय करायला देतात, ते विचारा.

बूट जुने घाला. इमारतींमधून फार चालवतात. टॅक्सीच्या पावत्याही जपून ठेवा, पैसे परत मिळतात.

त्या विभागाची ऑफर आली. पाठोपाठ ‘निर्णय लवकर कळवा’ अशी आठवणही, आणि तीही त्याच ऑफिसातून! कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांत आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन नसतं. मी लिहिलं, फायनल झालं की कळवते.