तुम्ही विचारलेत म्हणून: सिस्टर टिकत का नाहीत?

ठाण्यातील एका सरकारी रुग्णालयातून मी परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले, हे कळले की माणसे विचारतात, ‘एवढ्या जाहिराती निघतात, मुलाखतींना रांगा लागतात, तरी तुमच्याकडे सिस्टर टिकत का नाहीत? पगार कमी असतो का?’

कंत्राटी मुलींच्या बाबतीत पगार हे कारण खरे आहे. ठरावीक मानधन आणि अकरा महिन्यांचा करार यांवर भाड्याची खोलीसुद्धा धीराने घेता येत नाही. मात्र सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वेतन घेणाऱ्या, कायम पदावरच्या अधिपरिचारिकाही (स्टाफ नर्स) मी राजीनामा देताना पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना दर वेळी एकच शब्द पुढे आला, तो म्हणजे रजा.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे आणि त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ धरलेले आहे. या दुसऱ्या भागाकडे कोणी फारसे पाहत नाही. वॉर्डात काम करणाऱ्या बहुसंख्य मुली पंचविशी-तिशीतल्या असतात. प्रसूती रजा सुमारे सहा महिन्यांची असते, आणि ती असायलाच हवी. म्हणजे वर्षभरात कोणी ना कोणी दीर्घ रजेवर असणार, हे आधीच ठाऊक असते. तरीही तिच्या जागी येणारे माणूस मंजूर पदांत नसेल, तर तिचे काम उरलेल्या दोघींच्या अंगावर पडते. मग त्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या जातात, त्या आजारी पडतात, आणि त्यांतली एक सोडून गेली की ते ओझे तिसरीवर येते.

आमच्याकडे हे सर्वाधिक जाणवायचे ते पावसाळ्यात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून ठेवावे लागत, आणि नेमके त्याच दिवसांत गणपती येत. संगमेश्वरकडची एक मुलगी माझ्या मेडिसिन वॉर्डात होती. नाइटला एकटी असली तरी सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, एकही नोंद राहिलेली नसे. तिने सलग दोन वर्षे गणपतीसाठी पाच दिवस मागितले आणि दोन्ही वर्षे मी नकार दिला, कारण बदली द्यायला माझ्याकडे कोणीच नव्हते. तिसऱ्या वर्षी तिने अर्ज केला तो राजीनाम्याचा. माझ्या नोकरीतला हा नकार मला अजून बोचतो.

म्हणून पदभरतीची जाहिरात काढण्याआधी प्रत्येक वॉर्डाचे मागील तीन वर्षांचे हजेरीपट उघडावेत, किती दिवस कोण रजेवर होते आणि त्या दिवशी वॉर्ड कोणी सांभाळला हे मोजावे, आणि तेवढी रजा राखीव पदे आधी मंजूर करून घ्यावीत, असे मी विचारणाऱ्यांना सांगते. हजेरीपट कार्यालयात असतातच. एका परिसेविकेला सोबत बसवले, तर एका वॉर्डाचा हिशेब दोन दुपारींत होतो.